बायकोच्या स्कूटरचा मोठा पिस्टन

आम्ही मूळचे कुडाळकडचे, पण मी जन्मलो इथंच मुंबईत, वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत, शाळेत डोकं काय चालत नव्हतं, म्हणून मामानं आपल्या गॅरेजात बसवला आणि तेव्हापासून हे काळे हात, धुतले तरी जात नायत, लग्नात हळद लागली ती पण काळ्यावरच लागली असं आमची मंडळी म्हणते. मंडळी म्हंजे सुमन, माझी बायको. तिचंच सांगायचंय तुम्हाला, माझं काय, माझं गोरेगावात कुणालाही विचारा.

छोटी स्कूटर पळवायची असेल तर ती माझ्याकडेच येते, बढाई नाय मारत. ब्लॉक म्हंजे ज्यात पिस्टन वरखाली होतो ते भांडं, ते लेथवाल्याकडून आतून मोठं करून आणायचं, त्यात मोठा पिस्टन बसवायचा, कार्बोरेटरमधनं पेट्रोल थोडं जास्त सोडायचं, मग गाडी अशी उठते की मागच्यानं खांदा धरलाच पाहिजे. आणि येईल त्याला मी एकच सांगायचो, बाबा इंजिन वाढवतोयस तर ब्रेक पण वाढव, पुढे डिस्क लाव, नायतर मी हात लावणार नाय. दुसऱ्यांना सांगायचो हां.

सुमन डबे करते. वीस-बावीस डबे, अंधेरीला कारखान्यांच्या वसाहतीत साडेबाराच्या आत पोचले पाहिजेत. स्कूटरनं जाते आरे कॉलनीतून, रस्ता चढउताराचा, डबे लादले की गाडी चढावर दम टाकायची, मग ही उतरून ढकलायची. उशीर व्हायचा, भाजी गार. एक दिवस एक गिऱ्हाईक म्हणालं, वहिनी उद्यापासून डबा नको. घरी येऊन नुसती पातेली घासत बसली, घासलेलीच परत घासत होती. मला बघवेना. म्हटलं आण गो ती गाडी इकडं. दोन दिवसांत मोठा पिस्टन टाकून दिला, ब्रेकचं रविवारी बघू म्हटलं. घरचीच गाडी ना, मेकॅनिकच्या घरच्या गाडीचा नंबर सगळ्यात शेवटी, हे आमच्या धंद्यात सगळीकडं असंच. तो रविवार काय उजाडला नाय.

पहिल्याच दिवशी तिचा अंधेरीहून फोन, अहो बाराला पोचले, चढ कधी गेला कळलंच नाय. हसत होती. काय सांगू तुम्हाला, लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं हसताना मी तिला ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात आरेच्या उतारावर तबेल्यातली म्हैस आडवी आली. हिनं ब्रेक दाबला, गाडी थांबेना, म्हैस वाचली नि ही गटारात. हेल्मेट होतं म्हणून डोकं राहिलं, मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर. हॉस्पिटलात मलाच म्हणते, चूक माझीच, मी जोरात होते. चूक कुणाची ते मला ठाऊक होतं ना, पण तोंड उघडलं नाय माझं, लाज वाटते सांगायला.

आता मोठा केलेला ब्लॉक परत लहान होत नाय, म्हणून भंगारातनं जुना ब्लॉक शोधून काढला आणि प्लॅस्टर होतं तेवढ्यात गुपचूप बसवला. म्हटलं हिला काय कळतंय. कळतंय काय! प्लॅस्टर निघालं, गाडी चालू केलीन, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, परत आली, स्टँडवर लावलीन. ओरडली असती तर परवडलं असतं. हळू म्हणाली, अहो, मी ब्रेक नव्हता म्हणून पडले ना? मग पिस्टन का काढलात?

म्हंजे तिला सगळं माहीत होतं. दीड महिना माहीत होतं आणि चूक आपल्या अंगावर घेऊन बसली होती. त्याच दिवशी मोठा ब्लॉक परत चढवला, पुढे डिस्क ब्रेक लावला, मागच्या ब्रेकचे लायनर नवे टाकले, तीनदा स्वतः चालवून बघितली.

पण ब्रेक मी लावणार, दाबायचा तिनंच ना? साडेअकराला निघते, पोचल्याचा फोन येईस्तोवर माझ्या हातनं काम होत नाय, पाना धरून उभा असतो, गिऱ्हाईक काय बोलतंय डोक्यात शिरत नाय. हळू जा म्हटलं की हो म्हणते. हो म्हणते आणि पुढच्या वळणावरच मूठ पिळते, मला इथं बसून आवाज कळतो हो, जन्म गेला त्यात. गाडी काढून घेऊ? पिस्टन काढून ते पाप मी एकदा करून बघितलंय. गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंय, सुखरूप ठेव म्हणून, दुसरं काय आहे माझ्या हातात.

तुम्ही आरेतून जाता ना? मागनं डब्यांच्या पिशव्या लावलेल्या स्कूटरवर बाई हॉर्न देत आली तर जरा बाजू द्या तिला. आणि मी सांगितलं म्हणून बोलू नका.