तपासल्या दिवशी योग्य

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक माननीय हितेशभाई, प्रमुख पाहुण्या, पशुवैद्य डॉक्टर मीनाताई, व्यासपीठावर शाल सावरत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, आमच्या लॅबचे प्रमुख अरविंद सर, त्यांच्या शेजारी मुळीच न अवघडता बसलेल्या आमच्या सगळ्यांच्या वहिनी, एपीएमसी बाजारातून दुकानं लवकर बंद करून आलेले धान्यव्यापारी, माझे सहकारी, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सर, तुर्भ्याच्या आपल्या लॅबमधली ती दुपार तुम्हाला आठवते का? वीज गेली होती. यंत्रं बंद, पंखे बंद. आपण दोघं वहीने वारा घेत बसलो होतो. तेवढ्यात लॅबची झाडलोट करणाऱ्या पुतळाबाई पदरात गुंडाळून तीन अंडी घेऊन आल्या. घरच्या कोंबड्यांची. म्हणाल्या, "सर, तुमचा मका खाऊन घातलेली हायेत. आता तुमी खावा."

लॅबमध्ये काहीही खायचं नाही अशी पाटी सरांनीच लावलेली होती. मी म्हटलं, "सर, पाटी." सर उठले, पाटी काढून भिंतीकडे तोंड करून परत टांगली आणि म्हणाले, "आता ती बघत नाही." मग स्पिरिटच्या दिव्यावर, नवीन काढलेल्या काचेच्या बीकरमध्ये ती अंडी उकडली. मीठ पुतळाबाईंच्या पुडीतलं, मिठागरावरचं जाडं. आम्ही तिघांनी उभ्याउभ्या खाल्ली. त्या दुपारी बाकी काहीच घडलं नाही. वीज आली, आम्ही कामाला लागलो. तरी आयुष्यातल्या चांगल्या दुपारी मोजायला बसले, तर ती मला सगळ्यात आधी आठवते.

आता मंडळी म्हणतील, सरोजिनीबाईंनी सत्काराच्या भाषणात अंडी कुठून आणली? त्याला कारण सरच आहेत. मागच्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, तुमच्याबद्दल काय बोलू? ते म्हणाले, "पुतळाबाईंचं सांगणार असशील तर बोल. नाहीतर हार घाल आणि खाली बस." त्यामुळे आज जे सांगते आहे, ते त्यांच्या परवानगीने. खरं तर त्यांच्या आग्रहाने.

ज्यांना आमचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा कारखाना कोंबड्यांचं खाद्य बनवतो. मक्याचा ट्रक आला की गोण्यांमधून नमुना काढायचा, तपासायचा, मग माल आत घ्यायचा. मी नन्सच्या शाळेत शिकलेली. नोकरीला लागले तेव्हा तोंडात सारखं 'फंगस, फंगस'. सर म्हणाले, "बुरशी म्हण. पोल्ट्रीवाल्याला फंगस म्हटलंस तर तो औषध विचारेल. बुरशी म्हटलंस तर घाबरेल. त्याने घाबरायलाच हवं."

कारण बुरशी दिसते, पण बुरशीने दाण्यात सोडलेलं विष दिसत नाही. मका उन्हात घाला, झटका, भाजा. बुरशी जाते, विष राहतं. त्याला वास नाही, रंग नाही. दाणा सोन्यासारखा पिवळा, आणि तो खाणाऱ्या कोंबडीचं लिव्हर हळूहळू नासत जातं.

आमच्याकडे एक पद्धत होती. प्रत्येक ट्रकमधला थोडा मका कापडी पिशवीत बांधून, पिशवीवर 'पास' असा निळा शिक्का मारून कपाटात ठेवायचा. पुढे कोणाची तक्रार आली तर दाखवायला. काही महिन्यांनी तक्रार येण्याची वेळ टळून जायची. मग त्या मक्याचं काय करायचं? सर म्हणायचे, "अन्न आहे, फेकवत नाही." आणि त्या पिशव्या पुतळाबाईंच्या कोंबड्या-बदकांना जायच्या.

पुतळाबाईंना त्याचा केवढा अभिमान! इथे सानपाड्याच्या गावठाणात, या हॉलच्या मागच्याच बाजूला, त्यांचं घर. शेजारणींना सांगायच्या, "माज्या कोंबऱ्या पास मका खातात." त्यावर शेजारच्या रंगूबाई म्हणायच्या, "पुतळे, मग बसव की त्यांना दहावीला!"

असं बरीच वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात लॅबच्या मागच्या भिंतीला ओल आली. कपाट त्या भिंतीला टेकलेलं. पिशव्या बांधलेल्याच होत्या, शिक्के उन्हाळ्यातले, अगदी ठसठशीत. दरवर्षीप्रमाणे सरांनी त्या पुतळाबाईंना दिल्या. कोणी उघडून पाहिल्या नाहीत. का पाहाव्यात? माल पास होता ना!

गौरी-गणपती झाल्यावर पुतळाबाई एक प्लास्टिकची पिशवी घेऊन लॅबमध्ये आल्या. "सर, बदकां तं गेलीच. कोंबऱ्या पन डोका पिसात घालून बसतात. ही सकाली मेली. मका तं नाय ना खराब?" आणि आपणच हसून म्हणाल्या, "तुमचा कसा खराब असंल, म्हना."

सरांनी ती कोंबडी उघडली. लिव्हर पिवळं पडलेलं, बोट लावलं तर चुरा होईल असं. मग ते पुतळाबाईंच्या घरी उरलेल्या पिशव्या घेऊन आले आणि एकेक तपासली. आकडा मी इथे सांगत नाही. मीनाताईंना आजचं जेवण गोड लागलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुतळाबाईंच्या दारात उभे होते. मी बरोबर होते. पुतळाबाई भांडी घासत होत्या. सरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओल, कपाट, शिक्का, विष. काही गाळलं नाही.

पुतळाबाई म्हणाल्या, "म्हंजे मीच घातला त्यांना."

सर म्हणाले, "नाही पुतळाबाई, मी दिला."

त्यांनी हातांची राख धुतली. मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "सर, मंग आता मी कोनाचा आयकू?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी आम्हाला चहा केला.

पुढेही त्या निवृत्त होईपर्यंत कामाला येत राहिल्या. फरशी तशीच लख्ख. पण अंडी पुन्हा कधी आली नाहीत. सर ताजा मका विकत घ्यायचे, स्वतः तपासायचे आणि पिशवीत भरून पुतळाबाईंच्या घरी नेऊन द्यायचे. त्या दोन्ही हातांनी घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि खुंटीला टांगायच्या. त्यांची सून मनस्वी आज इथे बसली आहे. तिने मला एकदा सांगितलं की त्या पिशव्या तशाच लटकत असतात. तिने सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "सरांचा हाय, टाकवत नाय. कोंबऱ्यांना घालवत बी नाय."

सर, हे मी तुम्हाला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. तुम्ही मान हलवता आहात, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

त्या वर्षापासून सरांनी 'पास' हा शब्द लिहिणं सोडलं. त्यांच्या रिपोर्टवर एकच ओळ असायची: 'तपासल्या दिवशी योग्य.' बाजारात किती थट्टा झाली! हितेशभाई, तुम्हीच म्हणाला होतात, "सर, मक्याला पन एक्सपायरी? दूधची थैली हाय काय?" आणि इथे बसलेल्यांपैकीच एका व्यापाऱ्यांनी, नाव घेत नाही, ते आत्ता रुमालात हसत आहेत, वहिनींसमोर विचारलं होतं, "सर, लग्नाच्या दाखल्यावर पण असंच लिहिलंय काय? लग्नाच्या दिवशी योग्य?" वहिनी म्हणाल्या, "त्या दिवशी तरी कुठे होते!" पण ती ओळ सरांनी बदलली नाही.

पुढच्या महिन्यापासून आपली लॅब बंद होते आहे. नमुने बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये जातील, रिपोर्ट छापील येतील, आणि त्यावर परत 'पास' असेल. हितेशभाई, ही तक्रार नाही. तिथली यंत्रं आमच्यापेक्षा हुशार आहेत. पण यंत्र नमुन्यापाशी असतं, आणि पावसाळा गोदामात असतो. एवढं लक्षात असू द्या.

पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी आहे. ती पुतळाबाईंसाठी धरली होती. सर स्वतः आमंत्रण द्यायला गेले होते. त्या म्हणाल्या, गुडघे दुखतात. घर इथून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. असो.

माझा वेळ केव्हाच संपला. आमच्या लॅबमधली वैदेही मघापासून घड्याळ दाखवते आहे. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी मला मध्ये थांबवलं नाही, याबद्दल मनापासून आभार. आनंदाच्या दिवशी उदास बोलले, कोणाचं नाव राहिलं, कोणाला काही लागलं, तर जुनी बाई म्हणून पोटात घाला.

आता सरांनी मघाशी चहाच्या वेळी कानात सांगितलेली वाटणी. ज्याखाली बुरशी लागलेला दाणा चमकतो, तो निळ्या उजेडाचा तपासणीचा दिवा वैदेहीला. दिव्याखाली दाणा चमकला नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही, हेही तिलाच. 'पाटी बघत नाही' ती पाटी आणि तो बीकर मला. कपाटातल्या सगळ्या पिशव्या जाळायला पाठवायच्या. कोणी कितीही मागितल्या, पाखरांना म्हणून मागितल्या, तरी द्यायच्या नाहीत. शाल वहिनींची.

आणि सत्काराचा हा नारळ पुतळाबाईंना. मनस्वी, पुढे ये बाळ, घे. वाटेत फोडू नकोस. घरी जाऊन त्यांच्यासमोर फोड. आत काय आहे ते त्यांचं त्यांना बघू दे, वास घेऊ दे. खराब निघाला तर टाकून द्या. चांगला निघाला तर त्यांनी खावा. आणि त्यांनी खाल्ला, तर आजच सरांना फोन कर. ते वाट बघत असतील.