सातेरी वाढायची थांबली

नको, मॅडम, तेवढं वाक्य नका लिहू — ‘देवकीच्या घरात सातेरी रुसली’ — म्हादू गुरवानं सांगितलं ना? तो सांगणारच. बाकीचं लिहा की. सातेरी म्हणजे वारूळ, मूर्ती नव्हे, लिहा. आपण होऊन मातीतनं वर येते, देऊळ मागनं माणसांनी बांधलं, लिहा. आणि कुणाच्या घरात उगवली तर ती खोली तिची, आपण चंबूगबाळं उचलायचं — खालच्या वाड्यात एकानं स्वयंपाकघर दिलंय तिला, चूल पडवीत. हसू नका. मीही हसले होते, रामनगरहून लग्न होऊन इथं गुंदला आले तेव्हा.

आमच्यात आली ती कुठं, तर हिच्या पाळण्याखाली. व्हय, ह्याच, माझ्या कडेवरच्या पोरीच्या. आत्ती — देवकी म्हणजे माझ्या सासूबाई — तिथंच आडव्या पडल्या. ‘नातीच्या पावलानं आई आली गे!’ हळद-कुंकू, दिवा, रोज सकाळी वीत लावून बघायच्या, किती वाढली. आणि मला वारूळ म्हटलं की नाग दिसतो — बी.ए. झालेय ना! म्हटलं, आत्ती, पाळणा तरी माजघरात न्या. ‘आईच्या पुढ्यातनं पोरीला उचलायचं? न्हाई बाय, तीच राखती.’ नवरा म्हणाला, तुम्ही दोघी बघा. तो बघतो कधी, सदा रानात. मग… मग काही नाही. वाढायची थांबली. देवीची मर्जी — असं लिहा, मर्जी.

पण रुसली नाही हो! आत्तींनी काय केलं असेल? त्यांनी स्वतःच शोधून काढलंय — भावकीत कुणी गेलं, निरोप उशिरा आला, तोवर सुतकात फूल वाहिलं, म्हणून आई रुसली. तेव्हापासनं नातीला शिवत नाहीत. ‘माझा दोष पोरीला नको.’ ही हात पसरते, त्या आपले हात पदराखाली घेतात. रडून रडून हिचा घसा बसलाय. माझ्याकडं झोपत नाही, माझ्या मांडीला काटे हायत का काय.

आणि मॅडम, वाळवीच ती, ओल आटली की थांबते — किंवा पावडर… कसली म्हणजे? मिळते की रामनगरला, खताच्या दुकानात. माहेराहून येताना हिच्या दुधाच्या डब्यातनं आणली, तो डबा कुणी उघडत नाही. आत्ती ओढ्यावर धुण्याला गेल्या नि मी — नाग येईल म्हणून लेकराच्या पाळण्याखाली विष पसरलं, सांगा, काय आई मी! नंतर हिचे हात धुतेय, धुतेय. आणि वर कुंकू वाहिलं. हिला नव्हे, वारुळाला. माफी कशी मागतात ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

हे नका लिहू. आत गाभाऱ्यात बघा — म्हादूनं दगडाला ओल्या पाकळ्या लावल्यात, कौल घेतोय, देवीचा निवाडा. उजवी आधी पडली तर दोष आत्तींचा. मग त्या कुंभारवाड्याला लेकीकडं जाणार, कायमच्या — नातीचं तोंड बघणार नाही, असं देवीपुढं बोलून बसल्यात. डावी पडली तर सुटल्या. मी मनाशी म्हटलं, डावीच पडेल, आपण कशाला तोंड उघडा, देवीला सगळं ठाऊक असतं — म्हणजे माझा विश्वास नाही, पण असतं ना. उजवी हलतेय का हो? इथनं दिसतं तुम्हाला? वारा असेल. आत कुठला वारा! सुकली की सुटते, त्यात देवीचं काय — अन् आत्ती बघा कशा उभ्या, डोळे मिटून, काही झालं तरी कबूल असल्यागत…

हिला धरा जरा. वही ठेवा खाली, धरा म्हणते ना. दोन्ही हातांनी. — म्हादूदादा, थांबा! आत्ती, डोळे उघडा, आत्ती, मी —