अम्माला फोन करायचा

बस म्हटलं ना. तू उभी राहिलीस की मला उगाच वाटतं मी ओरडतेय. ओरडत नाहीये. दार राहू दे — नको, लावच. आणि इकडे ये, पडद्यावर बघ, मेलवर कुणाचं नाव दिसतंय? मोठ्याने वाच. के. तिलगवती. म्हणजे तू. आणि मी एम. तिलगवती. सव्वीस वर्षं या पंपांच्या कंपनीत एकच तिलगवती होती. नुसतं ‘तिलगवती मॅडम’ म्हटलं की गेटवरचा वॉचमनसुद्धा एक्स्पोर्टच्या केबिनकडे बोट दाखवायचा. जूनमध्ये तू आलीस. नावात तुझा काय दोष, आजीने ठेवलं असेल. पण त्याच महिन्यात मी नवा फोन घेतला, आणि त्या फोनला नावाची पहिली दोन अक्षरं दिली की पुढचं तो स्वतःच भरतो — आणि के आधी येतो, एम नंतर. एवढंच झालंय. एवढंच!

अजून नाही कळलं? अगं, माझ्याकडे डायरी नाही, भिंतीवर चिठ्ठ्या नाहीत. काम आठवलं की मी मलाच मेल टाकते — वर कामाचं नाव, खाली चार शब्द. न उघडलेला मेल म्हणजे राहिलेलं काम. झालं की उडवायचं. नाही झालं तर पुढच्या सोमवारवर ढकलायचं, सोमवारी नऊला तो आपोआप पुन्हा वर येऊन बसतो. एकदा मेल गेला की डोक्यातून काढून टाकायचं, हाच तर फायदा. इनबॉक्समध्ये नाही ते जगात नाही. तर बसमध्ये, लिफ्टमध्ये, देवळाच्या पायरीवर जे जे आठवलं ते मी फोनवरून पाठवत होते मला, आणि येत होतं तुला. तीन महिने. आणि तू ते करत होतीस!

नैरोबीच्या पंपांचे कागद बघायचे — तू बघितलेस. कोलंबोच्या माणसाला समजवायचं — तू समजावलंस, तो तर खूशच आहे. आणि मला वाटायचं, यादी आटतेय, म्हणजे मीच सुधारले! जुलैत डायरेक्टरसाहेबांपुढे उभी राहून सगळ्या खात्याला ही पद्धत शिकवली मी, टाळ्या घेतल्या, आणि तू मागच्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होतीस. कानामागून आलीस नि तिखट झालीस. एकदा तरी तोंड उघडायचं — काय? जरा मोठ्याने. ... हो. हो, मीच म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी, याच खुर्चीत. ‘झालं मॅडम’, ‘बरं मॅडम’ असले मेल पाठवून माझा इनबॉक्स भरायचा नाही, सांगितलं की करून मोकळं व्हायचं. म्हटलं होतं मी. ठीक आहे.

पण हा. हा मेल बघ. एकोणीस ऑगस्ट. ‘अम्माला फोन करायचा.’ खाली नंबर. ‘डोळ्याचं विचारायचं. ऑपरेशनची तारीख ठरवायची. सोबत जायचं.’ हा वाचून तुला काय वाटलं? नाही, खरंच विचारतेय. कंपनीचं काम वाटलं? कुणाच्या अम्माला, कुणी करायचा, काही लिहिलंय का त्यात? ... नाही लिहिलं. करायचा, विचारायचं, जायचं. कुणी ते लिहायची मला कधी गरजच पडली नाही. आणि मॅडम घरची कामं सांगतात हे तुला ऑफिसातल्या मुलींनी सांगितलंच असणार — तुझ्या आधीच्या पोरीकडून गॅसचा नंबर लावून घ्यायचे मी. तुझंही बरोबरच म्हणायचं.

तर आज सोमवार. नऊ वाजले तरी अम्माचा मेल वर आला नाही. दर सोमवारी येतो. एप्रिलपासून ढकलतेय मी त्याला, शेवटी ऑगस्टात म्हटलं हा जुना उडवावा आणि नवा, नीट तपशिलाने लिहावा. हसतेस? नाही? हसली असतीस तरी चाललं असतं. शोधला, तर तुझ्या नावावर. मग घरी फोन लावला, पोल्लाचीला. म्हटलं, अम्मा, डोळ्याचं काय करायचं? तर ती हसली. म्हणाली, गुरुवारीच झालं की! तूच तर पोरगी पाठवलीस.

गुरुवार. तू ‘घरगुती कारण’ लिहून रजा घेतलीस तो गुरुवार. तो खोटेपणा कशाला केलास — मॅडमच्या घरचं कारण असं लिहायचं होतं! मी काय केलं माहितीये? तुला कायम करायचा कागद या टेबलावर आहे, त्यावर शेरा मारला. ‘रजा घेण्याची सवय.’ एका रजेला सवय म्हणतात का कुठे? मी म्हटलं. माझ्याच अक्षरात आहे.

आणि अम्माला तू फोनवर सांगितलंस, मी तिलगवती बोलतेय. खोटं नाही, तेच नाव तुझं. तिला आधी वाटलं मीच, आवाज बसलाय. मग म्हणे तू विचारलंस, जेवलात का, अम्मा? त्यावरून ओळखलं तिने, ही आपली नव्हे. असं मलाच सांगितलं तिने, हसत हसत, अगदी साधेपणाने, चिडून नव्हे गं. चिडून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं देता येतात. वर म्हणते, तुझा फोन पाच मिनिटांत संपतो, कण्णू तासभर बोलते. कण्णू! मला म्हणायची ती. डोळाच म्हणायची मला, माझा डोळा, सगळ्या गल्लीसमोर. आता डोळाही बदलला आणि कण्णूही.

रडू नकोस. तू कशाला रडतेस? रोज संध्याकाळी घरी जाताना औषधाचे थेंब घालायला थांबतेस ना तिच्याकडे? कळलं मला. चाळीस किलोमीटर. इथल्या उक्कडमच्या बसस्टँडवरून पोल्लाचीला दर दहा मिनिटांनी गाडी आहे, रोजची तुझी वाट, तुला नाही सांगायला पाहिजे. दिवाळीनंतर गेले नाहीये मी. काम असतं, असं म्हणते. कसलं काम — तू आल्यापासून तर तेही नव्हतं.

आज जाऊ नकोस. मी जाते. शेरा खोडते मी, ते राहू दे, त्याचे आभार मानायची गरज नाही, मला नाही आवडत. ऊठ आता. आणि थांब — कुठला डोळा? ... अगं विचारतेय. उजवा की डावा? तिला कसं विचारू मी, सकाळी ते विचारायचं राहिलं. ... डावा. थेंब दिवसातून चार वेळा, आधी हात धुवायचे, आणि पांढऱ्या झाकणाची बाटली आधी. एक मिनिट, लिहून ठेवते, नाहीतर पाच वाजेपर्यंत —

हे बघ. दोन अक्षरं टाकली, तर अजून तुझंच नाव आधी येतंय.

जा तू. दार ओढून घे.