कोरडी राहिलेली टाच

हॅलो?… हो आई, येतंय ऐकू. बोल.

हो, सैन्याच्या ट्रेनिंगच्या बेटावरच आहोत अजून. झाली अनीशची शपथ… सगळ्या मुलांची एकदम. मग जेवलो त्याच्याबरोबर… अगं, आईवडिलांनाही वाढतात इथे. चिकन, भात. सारंगनं नुसता चिवडला… बापच ना तो शेवटी.

नाही आई… अगं ऐक ना. पुन्हा तेच नको. नाशिकला पाठव म्हणतेस, पण तो इथे जन्मला, इथे वाढला. आम्ही पीआर, इथले कायमचे रहिवासी. इथल्या मुलांना सैन्यात दोन वर्षं द्यावीच लागतात… आणि तो स्वतःच म्हणाला, जाणार.

भीती? वाटते ना.

रविवारी म्युझियममध्ये घेऊन गेला आम्हाला… हो, जायच्या आधी म्हणे एक चित्र दाखवायचंय. युरोपातून आणलेलं, बरोक काळातलं. भलंमोठं, काळोखं. ग्रीकांची गोष्ट… एक देवी आपल्या तान्ह्या बाळाला पाताळातल्या नदीत बुडवतेय… मारायला नाही गं! त्या पाण्यानं अंगाला शस्त्र लागत नाही, म्हणून. उलटं धरलंय, टाचेला… हो ना. टाच तेवढी कोरडी राहिली. मोठेपणी लढाईत तिथंच बाण लागतो.

मी म्हटलं, बाई गं, सोडायचीस की क्षणभर. तर हा त्याच्या इथल्या इंग्रजीत म्हणतो, "हाऊ टु लेट गो, मा? बेबी विल ड्राउन, लाह."

काय? काळा दोरा?… हो, तू पाठवलेला, पायात बांधायचा… थांब हं…

आई… पर्समध्येच राहिला. हातावर दही घातलं, देवाला नमस्कार करायला लावला, आणि दोरा…

ओरडू नकोस गं.

दिसतोय ना. रांगेत निघालेत सगळे… नाही, केस अजून नाही कापले. आधी "बाय" म्हणाला. मग माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "येतो."

नाही. हाक नाही मारणार… ऐकू जाईल गं, आहे तेवढा जवळ. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. तूच शिकवलंस ना?

…

आता कोपऱ्यावर… नाही, मागे नाही बघितलं.

गेला, आई.

नाही, मी कुठे रड… हो. रडतेय.

आले रे सारंग!… परतीची बोट लागलीय, आई. दोरा?… माझ्याच पायात बांधते. तो घरी आला की सोडीन… हं. ठेवते.