मास्तरची खुर्ची

अबे, फी माफीचं तुमाले सांगितलंच नाई. पोरीच्या मिशन शाळेत फी माफ पाहिजे, तर शाळेची सिस्टर आधी घरची गरिबी पाहायले येते. मी बायकोले बजावलं, "घर जसं आहे, तसंच राहू दे." पण घरी पाहुणा येऊन राह्यला म्हटल्यावर ती ऐकते काय! गल्लीतल्या मास्तरकडून गादीची खुर्ची आणली, कूलर आणला.

सिस्टर कूलरसमोर ऐटीत बसली. म्हणाली, "भाऊ, छान आहे तुमचं!"

म्हटलं, झालं, पोरीचं नाव आता शाळेतून काढा!

तेवढ्यात मागच्या दारातून शेजारच्या लताबाईचा आवाज आला, "अवो, मास्तरची खुर्ची-कूलर झाला काय? आता सिस्टर आमच्याकडं येऊन राह्यली!"

सिस्टरनं चहा संपवला, उठली, खुर्ची स्वतःच उचलली.

"चला लताबाई. कूलर भाऊ आणतील."