चादरीच्या त्या टोकाला

...प्रेमाने म्हणतो म्हणे! तुम्हाला सांगतो, आमच्या मामाचं प्रेम एवढं उतू जातं, की हॉटेलच्या धुलाईखान्यात एकालाही धड नाव उरलेलं नाही. मामा तिथला मुकादम. कॉलेज सोडलं म्हणून त्याने मला तिथे चिकटवलं, तेव्हापासून मी 'अर्धवट'. इस्त्रीवरच्या दोघी परदेशी बहिणी म्हणजे नाकावरून 'चपट्या', आणि मामाच्या जोडीने चादरींच्या घड्या घालणारा, भलत्याच मुलखातून आलेला तो धिप्पाड माणूस... 'काळ्या'! मी म्हटलं, मामा, लोकांना लागतं. तर म्हणतो, "प्रेमाने म्हणतो रे. तुझ्या थोरल्या काकाला अख्खं घर काळ्या म्हणायचं, तो काय मेला?" आता मेलाच की तो! पण मोठ्यांना सांगणार कोण?

आणि मला वाटायचं, शिवी ती शिवी, सगळीकडे सारखीच लागते. छे! त्या बहिणी एकमेकींना बिनधास्त 'ए चपटे' म्हणतात आणि खिदळतात. तेच मामा म्हणाला की इस्त्री जागच्या जागी थांबते, खाली कापड करपतं. शब्द तोच हो! एका तोंडून गुदगुल्या, दुसऱ्या तोंडून चटका. मी थक्क! हे कॉलेजात शिकवलं असतं तर सोडलं असतं का मी?

तर परवा. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात, दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, मग चालत समोरासमोर येऊन टोकं जुळवायची. मामा म्हणाला, "चल काळ्या, ये पुढे." तो आलाच नाही. चादर ताणून उभा. राग नाही, आवाज नाही, नुसता उभा... मशिनं थांबली, वरून फोनवर फोन, पाहुणे आलेत, चादरी कुठायत? मामाला घाम! तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मुकादम, आमच्याकडे चोरालासुद्धा बापाच्या नावासकट हाक मारतात. रंगावरून फक्त गुरं ओळखतात."

"अरे, मी प्रेमाने..."

"प्रेमाने ना? मग नाव घ्या."

आणि मामाला नाव माहीतच नव्हतं! वर्षानुवर्षं एकाच चादरीची टोकं धरतोय, आणि नाव माहीत नाही! मामाची मान नुसती इकडून तिकडे हलायला लागली. तेवढ्यात थोरली इस्त्रीवाली म्हणाली, तिच्याकडे आम्हा सगळ्या लोकांना 'डुलती मुंडी' म्हणतात.

मामा लालबुंद. "आमच्या अख्ख्या समाजाला?"

"प्रेमाने म्हणतो," ती म्हणाली.

मामाने खाली मान घालून त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं, स्वतःचं, बापाचं, आजाचं, लांबलचक. मामाची जीभ अडखळली, पुन्हा अडखळली, शेवटी जमलं. आणि तो डोंगर चालत पुढे आला, त्याने आपली टोकं अलगद मामाच्या हातात ठेवली. माझ्या अंगावर काटा! नुसती चादर धरून त्याने आमच्या मामाला माणसात आणलं, जे आमच्या आजोबांना जन्मभर जमलं नाही!

म्हटलं, आपणही करायचं. काल मामासमोर चादर ताणली आणि उभा राहिलो.

"ये पुढे, अर्धवट."

"नाव घे, मामा."

मामाने माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि माझं नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, सगळं खणखणीत घेतलं, पार इस्त्रीपर्यंत ऐकू जाईल असं, आणि वर म्हणाला, "यांचे हे चिरंजीव, ओळीने सगळ्या विषयांत नापास. या आता पुढे."

...गेलो पुढे. करतो काय? टोकं जुळवली आणि हळूच म्हटलं, मामा, तू आपलं अर्धवटच म्हण... फक्त जरा प्रेमाने.