सारजाबाईंचा कॅमेरा आणि आपला नियम

आदरणीय अध्यक्षा मालिनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप देताना जीव जड होतोय ते आपले वसंतकाका, आणि भोर-वेल्ह्याहून आलेल्या आपल्या ऑनलाइन संगणक मदत गटाच्या सभासदांनो, सर्वांना नमस्कार.

मी चैत्राली. काकांनी उभा केलेला हा गट उद्यापासून मी सांभाळायचा आहे. भोरचा दुकानदार असो की पानशेतचा हॉटेलवाला, कुणाचं काही अडलं की काकांचं उत्तर हजर. सोबत दोन शिव्याही, पण त्या मायेच्या!

पण सत्काराच्या दिवशी गोडच बोलावं असं थोडंच आहे? काका, तुमचा एक नियम मला मान्य नाही. ‘असुरक्षित मांडणी करणाऱ्याला, म्हणजे पासवर्ड-बिसवर्ड न लावणाऱ्याला, मदत नाही.’ तुम्ही म्हणायचात, उद्या काही झालं तर खापर आपल्या डोक्यावर. तुमची भीती खोटी नव्हती.

मध्यंतरी वेल्ह्याच्या वरच्या वाडीतून प्रगतीनं गटावर विचारलं होतं, गोठ्यावरचा कॅमेरा पासवर्ड न टाकता मोबाईलवर कसा बघायचा? बिबट्या फिरत होता, आणि शेळ्या राखणाऱ्या तिच्या सासूबाईंना, सारजाबाईंना, लिहिता-वाचता येत नाही. आपण लिहिलं, ‘विषय बंद.’ तिनं कुठलासा व्हिडिओ बघून पासवर्डच काढून टाकला. विषय बंद झाला आणि कॅमेरा साऱ्या जगाला उघडा पडला. एका सकाळी ती शेण काढत होती, तर कॅमेऱ्याच्या स्पीकरमधून परका पुरुष बोलला, “आज हिरवी साडी का?”

हे तिला विचारूनच सांगतेय. सारजाबाईंनी काठीनं कॅमेरा पाडला. त्याच आठवड्यात बिबट्यानं गाभण शेळी नेली.

मालिनीताई घड्याळ दाखवतायत, आवरतेच.

परवा मी वाडीवर गेले. नवा कॅमेरा फक्त गोठा दिसेल असा बसवला, पक्का पासवर्ड घातला आणि मोबाईलवर तो सारजाबाईंच्या अंगठ्यानं उघडेल असं करून दिलं. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. “आंगठा चालतोय व्हय? मंग तवाच का न्हाई सांगितलं? आमी जलमभर आंगठाच करतोय की!”

तिथंच मी ठरवलं.

धोका सांगू, वेळ पडली तर खडसावू. पण बरी वाट दाखवल्याशिवाय कुणाला परत पाठवायचं नाही. काका, तुम्ही रागावलात तरी उद्या तुमचा नियम मी काढणार.

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर लेक समजून सांभाळून घ्या. नियम काढतेय त्याची माफी मात्र मी मागणार नाही. माफी आपण सगळ्यांनी मिळून सारजाबाईंची मागायची आहे.